नऊ मिनिटांची मुक्ती

पक्षी म्हटलं की आपल्याला आत्मा आठवतो. देह म्हणजे पिंजरा आणि उडणं म्हणजे मोक्ष, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ‘फ्री बर्ड’ हे गाण्याचं नाव ऐकताच मराठी माणूस डोळे मिटून बसतो. जरा थांबावं. फ्लोरिडातल्या लिनर्ड स्किनर्ड या बँडच्या १९७३ सालच्या पहिल्या अल्बममधलं हे नऊ मिनिटांचं गाणं. त्यातला नायक मोक्षाबिक्षाला निघालेला नाही, तो प्रेयसीला कटवतोय. मी हा असा, बदलायचा नाही, येतो! अशा जावयाला आपल्याकडे पक्षी म्हणत नाहीत. जे म्हणतात ते छापता येत नाही.

बँडचं नावही मजेशीर. शाळेत लांब केसांवरून पोरांच्या मागे लागणारे लेनर्ड स्किनर नावाचे पीटीचे मास्तर होते, त्यांच्या नावाची मोडतोड करून ते घेतलं. म्हणजे स्वातंत्र्याचं हे एवढं गाजलेलं गाणं जगभर शिस्तप्रिय मास्तरांच्या नावाने वाजतंय. सुरुवातीचा पियानो बिली पॉवेलचा. तो बँडचं सामान वाहणारा पोरगा. त्याने ती सुरावट वाजवून दाखवली आणि थेट बँडमध्येच आला.

आणि शेवटचं ते बेभान, लांबच लांब गिटारवादन, ज्यात रसिकांना अनंताकडे झेप वगैरे ऐकू येते? बारमध्ये रात्री एकामागून एक खेळ करून गायक रॉनी व्हॅन झँट दमायचा. त्याच्या घशाला जरा विसावा मिळावा, म्हणून गिटारवाल्यांनी शेवट लांबवला. मला हे अध्यात्मापेक्षा जास्त पटतं. चार मिनिटं कोणी काही म्हणायला लावू नये, यापरती मुक्ती नोकरदार माणसाला तरी कुठे ठाऊक असते?

पण या गाण्याला मरण चिकटलं, ते काही रसिकांच्या कल्पनेतून नव्हे. गिटारवादक ड्वेन ऑलमन १९७१ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. बँड कार्यक्रमांत हे गाणं त्याला अर्पण करायचा. मग २० ऑक्टोबर १९७७ ला मिसिसिपीत बँडचंच विमान इंधन संपून जंगलात कोसळलं. रॉनी गेला, बँडमधली स्टीव्ह आणि कॅसी गेन्स ही भावंडं गेली. १९८७ मध्ये उरलेले लोक पुन्हा उभे राहिले, तेव्हा रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी हे गाणं गायला तयार नव्हता. मधोमध मोकळा माइक ठेवून त्यांनी नुसती वाद्यं वाजवली. शब्द प्रेक्षकांनी म्हटले.

लग्न टाळणाऱ्याचं गाणं असं शोकगीत झालं. तेव्हा अर्थ काय, असं कोणी विचारलं तर मी दोन्ही सांगतो. आधी पळपुट्याचा, मग मेलेल्याचा.

तुम्ही ऐकणार असाल तर एवढंच करा: रेडिओसाठी छाटलेली आवृत्ती लावू नका. तिच्यात नेमका घशाचा विसावाच कापलाय.