डाव्या पायाचा प्रश्न

लातूरच्या शिकवणी भागात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराने ड्रम शिकायला घेतला, की त्याचा पहिला श्रोता खालच्या मजल्यावरचा घरमालक असतो. हातांचा गोंगाट तो कसाबसा सोसतो. पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमचा ठोका मात्र फरशीतून थेट त्याच्या पलंगात उतरतो. “काय हाणायलास रे वर?” असे एकदा विचारून झाले, की पोराच्या डोक्यात नेमके तेव्हाच डबल पेडलचे खूळ शिरते.

डबल पेडल म्हणजे दोन पेडल, दोन बीटर, पण ड्रम एकच. डावे पेडल दाबले की मधला दांडा फिरतो आणि दुसरा बीटर त्याच ड्रमवर आपटतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेला चार ठोके हवे असतील तर सेकंदाला आठ होतात. एका पायाचा त्यात जीव जातो, दोघांत वाटले की चार-चार येतात. हिशेब सोपा आहे. घोळ असा, की डावा पाय रिकामा नसतोच. तो हाय-हॅटची, म्हणजे स्टँडवरच्या झांजांच्या जोडीची, उघडझाप सांभाळत असतो. त्याला तिथून उठवले की हाय-हॅट पोरकी. मग ती बंद ठेवायला ड्रॉप क्लच घ्या. खर्चाला पाय फुटतात ते असे.

ही हौस जुनी आहे. अमेरिकेच्या ड्रमर लुई बेल्सनने शाळकरी वयातच दोन बेस ड्रमच्या सेटचे चित्र काढले होते आणि पुढे खरोखर तसा वाजवला. १९८३ मध्ये ड्रम वर्कशॉप या कंपनीचे ५००२ हे डबल पेडल आले आणि दुसरा ड्रम वाहून नेण्यातून अनेकांची सुटका झाली. उलट लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमने १९६९ च्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये एकाच पेडलवर असे झटपट ठोके काढले, की ऐकणारे दुसरा पाय शोधत बसले. आयर्न मेडनचा निको मॅकब्रेनही एका पेडलसाठीच ओळखला जातो. २००७ मध्ये हा बँड बंगळुरूला वाजवून गेला, तेव्हा आवाज कमी पडल्याची तक्रार कुणी केली नाही.

नांदेड-लातूरकडे तर हा वाद जेमतेम पोचतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस ड्रम मुळात ऑक्टोपॅडच्या एखाद्या चौकोनात राहतो आणि काठीने वाजतो. माहूरच्या रेणुकेचा गोंधळी दोनाची हौस हातांवरच भागवतो: संबळाची जोडी कंबरेला, पाय नाचायला मोकळे. वरात, गणपती आणि कॉलेजचे गॅदरिंग एवढेच गिऱ्हाईक असेल, तर चांगल्या सिंगल पेडलवर पैसे लावावेत हे उत्तम. सलग झटपट ठोक्यांचे मेटलच वाजवायचे असेल तर मात्र डबलशिवाय इलाज नाही. फक्त डाव्या पायाला रोज वेगळी शिकवणी लावावी लागते, आणि तो जात्याच मागच्या बाकावरचा. जुने डबल पेडल विकणारे “फारसे वापरलेले नाही” म्हणतात तेव्हा डाव्या पेडलपुरता त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.