उदरस्थ चरबीबाईसाहेबांस अनावृत पत्र

सन्माननीय चरबीबाईसाहेब,
मु. पो. पोट, आतड्यांशेजारी.
सा. न. वि. वि.

लोक आपल्याला नुसतं कोठार समजत होते. केवढा हा अपमान! १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिन शोधलं आणि आपण संप्रेरकं बनवता हे जगाला कळलं. अभिनंदन.

लेप्टिन मेंदूला सांगतं, ‘आता पुरे.’ आपण वाढता तसं तेही इतकं वाढवता, की मेंदू ऐकेनासा होतो. आग्रह करावा तर आपणच!

आपलं दुसरं संप्रेरक, अडिपोनेक्टिन, मात्र रक्तवाहिन्या जपतं, इन्सुलिनला हात देतं. आपला पसारा वाढला की नेमकं तेच आपण आखडतं घेता. काटकसर कुठे करावी, हे कोणीही आपल्याकडून शिकावं.

गुठळी विरघळू न देणारा पीएआय-१ आणि रक्तदाब चढवणाऱ्या साखळीचा कच्चा माल हा खास आहेर. अशी एखादी न विरघळलेली गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली की तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. ती विरघळवणारं इंजेक्शन द्यायला डॉक्टरांना साडेचार तास मिळतात. एवढी सवड ठेवलीत, आभारी आहे.

आपल्या लपण्याच्या कलेला तर मुजराच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, आमच्या डॉक्टरांची २१.२. वजनकाट्याला कळणार काय डोंबल!

म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० ओलांडली की सावध व्हावं, असं डॉक्टर म्हणतात. आम्ही काय करतो? पट्टा बेंबीखाली उतरवून आपल्याला ऐसपैस जागा देतो, आणि वर ‘माप अजून चौतीसच’ म्हणून मिरवतो. बायको ‘खात्यापित्या घरचे दिसता’ म्हणते, तेही आपल्याच कृपेने.

ऐकतो की रोज चालू लागलं, खाणं आवरलं, की कातडीखालच्या आपल्या भगिनींच्या आधी आपण निघता. आपला हा एकच गुण मला मनापासून आवडतो. प्रचिती लवकर द्यावी.

उत्तराची तसदी नको. आपलं टपाल थेट रक्तातून येतं.

आपला नम्र यजमान,
कंबर ३४ (पट्ट्याच्या म्हणण्यानुसार)