पवनेच्या पाण्यात पेट्रोल कशाला?

पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पाणी पवना धरणातून सुटतं, नदीने रावेतपर्यंत येतं आणि तिथे उचललं जातं. त्याच धरणाच्या जलाशयात, तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी, पर्यटकांना फिरवायला इंजिनाच्या बोटी धावतात. बोटीच्या मागे लावलेलं हे इंजिन आपला धूर पाण्याखालीच सोडतं. त्यातून ते जुनं टू-स्ट्रोक असेल, तर पेट्रोल-ऑइलचा काही भाग न जळताच पाण्यात जातो. पिण्याच्या पाण्यात हे आपण का चालवून घेतो?

विजेची बोट म्हणजे उद्याची गोष्ट, हे उत्तर मला मान्य नाही. बव्हेरियातल्या क्योनिगझे तलावावर प्रवासी बोटी १९०९पासून विजेवर चालतात. केरळात वैकमची ‘आदित्य’ ही सौर बोट २०१७पासून रोजचे प्रवासी नेते, कोचीची वॉटर मेट्रो २०२३मध्ये सुरू झाली. आणि मावळचं काय? लोणावळा, वळवण, शिरवते इथे पाऊस अडवून, तो सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीत उतरवून टाटांनी १९१५मध्ये वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. शंभर वर्षांहून जास्त काळ मावळचं पाणी दुसऱ्यांना वीज देतंय. मावळच्या बोटीला मात्र ती अजून मिळत नाही.

विजेने सगळं स्वच्छ होईल, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशाची. पवनेतला धूर थांबेल, तेव्हा त्यातला थोडा कोराडी-चंद्रपूरच्या माथी जाईल, आणि तिथल्या माणसांचीही फुप्फुसंच आहेत. म्हणून चार्जिंग सौरऊर्जेवरच हवं. इथे ते जमण्यासारखं आहे, कारण बोटींचा खरा हंगाम पावसाळा सरल्यावरचा, म्हणजे उन्हाचाच. दुसरं, वेग. विजेवरची बोटही सुसाट सोडली तर तिच्या लाटा काठ खातात, तळाचा गाळ ढवळतात. मोटार बदलली म्हणून लाट बदलत नाही. पण पाण्यात तेल उतरणार नाही आणि काठावरच्या पाखरांना इंजिनाचा गोंगाट सोसावा लागणार नाही, हा फायदा पहिल्या फेरीपासूनचा आहे.

खर्च कोणी करायचा, हा खरा मुद्दा. पवनेच्या काठावर बोट चालवून पोट भरणाऱ्यांत धरणग्रस्तांच्या घरची पोरं आहेत. जमिनी पाण्याखाली गेल्या, पुनर्वसनासाठी पिढ्या झिजल्या. त्यांना एके दिवशी ‘इंजिन काढा’ अशी नोटीस देणं हा उघड अन्याय होईल. ज्या शहराच्या घशात हे पाणी जातं, त्याने मोटार आणि बॅटरीच्या खर्चात मोठा वाटा उचलावा. पीएमपीच्या विजेवरच्या बस २०१९पासून शहरात धावताहेत. सार्वजनिक पैसा लागला तेव्हा कुठे त्या आल्या. बोटींना वेगळा न्याय नको.

जलसंपदा खात्याने आणि महापालिकेने येत्या हंगामाआधी एकत्र बसून परवान्याच्या अटी ठरवाव्यात: जलाशयात वल्हं किंवा वीज, वेगाला मर्यादा, काठावर सौर चार्जिंग. आणि जुनी बॅटरी पुनर्वापरासाठी परत दिल्याची पावती दाखवल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण नाही.