फिजिबिलिटी आली का तुमची?

काय चाललंय काय हे? पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत, तिकडे कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत, चार माणसं जमली की पूर्वी पाचव्याची उणीदुणी तरी निघायची. आता? ‘फिजिबिलिटी आली का तुमची?’ बारशाला तेच, बाराव्याला तेच! सोसायटीच्या पुनर्विकासात काय पदरात पडणार ते सांगणारा फिजिबिलिटी रिपोर्ट तो; पण ‘रिपोर्ट’ म्हणायचीही कोणाला सवड नाही. फिजिबिलिटी येते, अडकते, सुधारून येते आणि शेजारच्या सोसायटीची कायम आपल्यापेक्षा घसघशीत असते.

जन्मात भिंतीत खिळा सरळ न ठोकलेले गृहस्थ आता फंजिबलचे, म्हणजे वाढीव बांधकामाचे, ३५ टक्के तोंडपाठ म्हणतात. टीडीआर, म्हणजे बाहेरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, किती चढणार ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, हे कळल्यापासून तर रात्री जेवणं आटोपून टेप घेऊन माणसं खाली उतरतात. रस्ता नऊ मीटर भरतो का? नाही भरत? मग गटाराच्या पलीकडून धरा की! पार्ल्यातल्या मंडळींची तर आणखी एक रड. इमारत किती उंच जाणार, ते विमानतळवाले ठरवणार. म्हणजे आता विमानांनीही आमच्या कार्पेटवर डोळा ठेवायचा?

वास्तविक हिशेब सरळ आहे. प्लॉटवर बांधता येईल तेवढ्यातून सभासदांची घरं वजा करायची. उरेल ते बिल्डर विकणार. त्याच पैशातून बांधकाम, पालिकेचं प्रीमियम, आपलं तोवर बाहेर राहायचं भाडं, कॉर्पसची रक्कम आणि त्याचा नफा. पण इथे थांबतो कोण? ‘पस्तीस टक्के वाढीव कार्पेट?’ ‘छे, पंचेचाळीस मागा!’ ‘आणि दोन पार्किंग!’ गाडी आहे का? नाही. पण पार्किंग नको का? तीन पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, तीन आकडे देतात, आणि सगळ्यात फुगलेला आकडा देणाऱ्याच्या गळ्यात सर्वानुमते माळ पडते. खरा आकडा सांगणारा? तो बिल्डरला फितूर!

सभांचं तर विचारूच नका. वार्षिक सभेला कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब करायची, मग सहा जणांत चहा प्यायची आपली परंपरा. आता बिल्डर निवडायच्या सभेला दोनतृतीयांश हजेरी लागते, आणि खुर्च्या पुरत नाहीत! २०१९च्या शासन निर्णयानं संमतीची अट ५१ टक्क्यांवर आणली, वर सभेचं व्हिडिओ शूटिंगही असतं. म्हणून काय केस रंगवून यायचं?

आणि ते कट्टर विरोधक कुठे गेले? ‘या वास्तूत आमची हयात गेली, माझ्या हयातीत पाडू देणार नाही,’ म्हणणारे? शपथा घेत होते ना? भाड्याचा आकडा ऐकला, आणि ‘वास्तू’चं एकदम ‘स्ट्रक्चर’ झालं. प्लास्टर पडलं की पूर्वी हळहळायचे, आता फोटो काढून ग्रुपवर टाकतात. वर तीन हात जोडलेले इमोजी.

आपण मात्र त्यातले नाही हं! आपल्याला कसली आलीय हाव? तो साठ पानी पीडीएफ आपण उघडला तो केवळ माहिती असावी म्हणून. थेट शेवटच्या तक्त्यावर, आपल्या फ्लॅटच्या नंबरावर बोट गेलं, ते चुकून. शेजारच्या जोशांना आपल्यापेक्षा अकरा फूट जास्त कसे, असं जरा मनात आलं, एवढंच. आज संध्याकाळी सेक्रेटरींकडे जायचंय म्हणा. कशाला काय? सहजच. टेप त्यांच्याकडे असेलच ना?