पाटीला आरएल द्या हो!

प्रति,
मा. अधिकारी, तात्पुरत्या पाट्या विभाग (असा विभाग असल्यास), नागपूर.

विषय : एक पाटी नियमित करून तिला आरएल (नियमितीकरणाचं पत्र) मिळणेबाबत.

महोदय,

मनीषनगरातून बेसा रोडला लागलं की विजेच्या एका खांबाला पत्र्याची पिवळी पाटी तारेनं बांधलेली दिसेल. आमच्या लेआऊटचं नाव, खाली लाल बाण, आणि 'फक्त ५ मिनिटे'. ती लागली तेव्हा लेआऊट म्हणजे तुरीच्या शेतात मारलेल्या चुन्याच्या रेघा होत्या. साईट पाहायला येणाऱ्यांसाठी दोन महिने हवी होती, त्याला अकरा वर्षं झाली. प्लॉट विकले गेले, विकासक समृद्धी महामार्गाच्या बाजूची शेतं मोजायला गेला, बाण मागं राहिला.

परवा त्याच खांबावर कागद चिकटला : विनापरवाना पाट्या काढण्यात येतील. अख्ख्या लेआऊटची झोप उडाली. कारण आमचा पत्ता म्हणजे ती पाटी. सिलिंडरवाला तिच्यावरून येतो, रुग्णवाहिका तिच्यावरून येते, शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर 'पिवळ्या पाटीपासून आत' असं छापलं होतं आणि वरात बरोबर पोचली होती.

आधी परवानगी का घेतली नाही, असं आपण विचाराल. मीही विकासकाला तेच विचारलं होतं. तो म्हणाला, "काकाजी, परवानगी निघेपर्यंत प्लॉट विकून होते ना जी!" मला मात्र कायद्याची भीती. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा १९९५ चा कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतो. म्हणून अर्ज घेऊन निघालो. पहिल्या टेबलावर कळलं, खांब हद्दीत आहे, पण बाणाचं टोक हद्दीबाहेर दाखवतं. दुसऱ्या टेबलावर हेच उलटं ऐकलं. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "ही जाहिरात आहे की दिशादर्शक?" जाहिरात असेल तर भाडं लागेल, दिशादर्शक असेल तर ती खाजगी माणसानं लावायचीच नाही. चौथं टेबल जेवायला गेलं होतं.

इंग्लंडात म्हणे नव्या वसाहतीकडे नेणाऱ्या तात्पुरत्या पाटीसाठी बिल्डर आधी कौन्सिलकडे जातो, आणि वसाहत पुरी झाली की पाटी उतरवतो. आपल्याकडे पाटी पुरी होते, वसाहत राहते.

पण साहेब, मार्ग आहे, आणि तो आपल्याच गावचा. आधी प्लॉट पाडायचे, मग विकायचे, मग नियमित करायचे, ही रीत आपण दुसऱ्या कोणाकडून शिकलो नाही. असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. नागपूरकराला पाढे विसरतील, पण नियमित करायचे ५७२ लेआऊट आणि १९०० लेआऊट हे आकडे विसरायचे नाहीत. आमच्या प्लॉटांनाही डिमांड नोट भरून आरएल मिळालं. मग पाटीनंच काय पाप केलं? तिचं माप तीन बाय दोन. सहा चौरस फुटांची डिमांड नोट काढा, विकासशुल्क आम्ही वर्गणीनं भरतो.

त्रुटी मीच सांगून टाकतो, म्हणजे फाईल परत यायला नको. पाटी महारेराच्या, म्हणजे मे २०१७ च्या आधीची आहे. तिच्यावर नोंदणी क्रमांक नाही. क्यूआर कोडच्या जागी खर्ऱ्याची पिचकारी आहे, तिच्यासमोर एकानं मोबाईल धरलेला मी पाहिला आहे.

दुसरी त्रुटी त्या '५ मिनिटां'ची. आपल्या झिरो माईलचा दगड १९०७ पासून जबलपूर-हैदराबादची अंतरं मैलात सांगतो, त्याला मिनिटं ठाऊक नाहीत. मी स्कूटर घेऊन मोजलं : चौदा मिनिटं, आणि नाल्याला पूर असेल तर उद्या. आकडा दुरुस्त करू म्हटलं, तर सभेत गदारोळ झाला. प्लॉटचे भाव पडतील! तेव्हा पाच मिनिटंही नियमित करावीत, ही विनंती.

रस्ता कोणत्या वर्गात मोडतो, या रकान्यात काय लिहू? १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते इथंच जमले आणि 'नागपूर योजने'त रस्त्यांची राष्ट्रीय महामार्गापासून खेड्यातल्या वाटेपर्यंत प्रतवारी लावून गेले. आमचा रस्ता त्यातल्या कशातच बसत नाही. तूर्त 'पुढे पाहा' असं लिहिलं आहे.

स्थळपाहणीला अवश्य यावे. बेसा रोडनं सरळ, पिवळ्या पाटीपाशी डावीकडे. पाटी आधीच काढली गेली असेल, तर फोन करा. मी त्याच खांबाखाली डावा हात लांब करून उभा राहतो. त्याला परवानगी लागत असल्यास कोणत्या टेबलावर, तेही कळवावे.

आपला,
एक प्लॉटधारक (आरएलप्राप्त)

सोबत : पाटीचा फोटो, आरएलची झेरॉक्स, बाणाच्या टोकाचा वेगळा फोटो (हद्दीबाहेरील).