गोळी झाडली? गुण गेले!

‘स्वॅट ४’ हा पोलिसांच्या सशस्त्र तुकडीवरचा, २००५ सालचा गेम. बनवणारी कंपनी इरॅशनल गेम्स. हीच मंडळी पुढे ‘बायोशॉक’ या गेमने नावारूपाला आली. मी हा गेम इतक्या उशिरा हाती घेतला, की तो आला त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मतदान करतात.

बंदुकीचा गेम म्हटला की दार फोडायचं, दिसेल त्याला उडवायचं, पुढच्या लेव्हलला जायचं. इथे दिसेल त्याच्यावर आधी खेकसायचं: पोलीस! हत्यार टाक! ऐकलं तर बेड्या. नाही ऐकलं तर मिरपुडीचा फवारा, अश्रुधूर, टेझर. गोळी झाडायची ती त्याने बंदूक रोखली तरच. तुम्ही घाई केलीत तर समोरचा मरतो आणि तुमचे गुण कापले जातात. मिशन संपलं की निकालपत्रक येतं आणि त्यात अनधिकृत बळाचा वापर कुठे केलात ते नीट नोंदलेलं असतं.

फेअरफॅक्स कुटुंबाच्या घरातलं मिशन घ्या. तरुणींना पळवणारा नराधम इथे राहतो. तळघरात प्लास्टरचे मुखवटे टांगलेले. आपली पाच जणांची तुकडी प्रत्येक दाराखालून कॅमेरा सरकवून आत डोकावते. भयपटाला शोभेल असा सगळा थाट. पण याच घरात त्या नराधमाची म्हातारी आईही आहे, आणि नियम म्हणतो की गुन्हेगार असो वा निरपराध, बेड्या सगळ्यांना. बाईंनी ऐकलं नाही, तर नखशिखान्त चिलखत चढवलेला गडी त्यांच्यावर मिरपूड फवारतो, हात बांधतो आणि वायरलेसवरून कंट्रोलला कळवतो. कळवायचं राहिलं, गुण गेले. जमिनीवर पडलेलं पिस्तूल मुद्देमाल म्हणून उचललं नाही, गुण गेले. थरार म्हणाल तर आहेच. पण अर्धा जीव पंचनाम्यात अडकलेला.

ही शिस्त कुठल्या घराण्यातून आली ते मात्र पाहण्यासारखं आहे. मूळपुरुष ‘पोलीस क्वेस्ट’, १९८७ सालचा. तो रचला जिम वॉल्स यांनी, जे स्वतः कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसात होते. गाडीभोवती फेरी मारून तपासणी न करता निघालात, तर टायर बसतो आणि खेळ खल्लास! इथवर ठीक. पण १९९३च्या चौथ्या भागासाठी ही मालिका काढणाऱ्या सिएरा कंपनीने नाव आणलं ते डॅरिल गेट्स यांचं. लॉस एंजेलिसचे माजी पोलीसप्रमुख. ते ‘माजी’ कसे झाले? १९९१मध्ये त्यांच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात बडवलं आणि ते कॅमेऱ्यात सापडलं. पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसांपैकी कुणालाच दोषी ठरवलं नाही. शहर पेटलं, पन्नासहून अधिक माणसं मेली, आणि गेट्स पायउतार झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी साहेबांचं नाव गेमच्या खोक्यावर झळकलं. नोकरी गेली, ब्रँड राहिला. ‘स्वॅट’ची मालिका फुटली ती याच खोडातून.

त्याच घराण्यातला हा ‘स्वॅट ४’ सर्वांत अवघड पातळीवर शंभरपैकी ९५ गुण मागतो. एक नाहक बळी गेला की नापास, परत पहिल्यापासून. माउस धरून बसलेल्या पोराला पाच गुणांची सूट. साहेबांच्या शहरातल्या पोलिसांना मात्र अख्खा गेम भरेल एवढी.

झाडलेल्या गोळीचा जाब जागच्या जागी विचारणारं पोलीस खातं अमेरिकेत अखेर उभं राहिलं, ते सीडीवर. असली खाती फार दिवस चालत नाहीत म्हणा. ‘स्वॅट ५’ काही आला नाही.