शंभरात एक चढ

सायकलवरून सावकाश, नदीकाठाने, धाप न लावणाऱ्या टेकड्यांमधून चार दिवस हिंडावं, या मताचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे. पुरस्कर्ता आणि सायकलस्वार यांच्यातला फरक सुज्ञांना सांगायला नको. या छंदाची जी कारणं लोक देतात, म्हणजे तब्येत, पर्यावरण, पेट्रोलचा भाव, ती सगळी सभेत सांगायची कारणं आहेत. खरं कारण अहंकार. पायी चाललेल्या माणसाला लोक ‘वडाप चुकलं काय?’ म्हणून विचारतात, मोटारीतून जाणाऱ्याला काहीच विचारत नाहीत. पण पोट सुटलेला, हेल्मेट घातलेला गृहस्थ सायकलवरून गावात शिरला की पारावरचा माणूस पान थांबवून विचारतो, ‘कुठनं आलासा?’ या एका प्रश्नासाठी माणूस चाळीस किलोमीटर घाम गाळू शकतो. तेव्हा माझा पक्ष उघड आहे: आळस तर सोडायचा नाही, पण त्याला प्रवास म्हणून मान मिळाला पाहिजे. आणि त्यासाठी बेळगाव-निपाणीच्या सीमाभागासारखा मुलूख शोधून सापडायचा नाही, असं मला सिद्ध करायचं आहे.

आधी आळसाचं शास्त्र. त्याचे आद्य आचार्य म्हणजे रेल्वेचे इंजिनिअर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला चढ सोसत नाही. शंभर फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, एवढ्यावर तिचं समाधान. अगदीच इलाज नसला, कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणाऱ्या ब्रागांझा घाटात नव्हता तसा, तर सदतिसात एक, आणि तोच घाट चढताना मागून रेटायला जादा इंजिनं लावतात. जी वाट आगगाडीला सोसते ती गुडघ्यांनाही सोसते, हे युरोपातल्या लोकांच्या वेळीच लक्षात आलं. ब्रिटनमध्ये 1963च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद पडले आणि त्यांतल्या कित्येकांवर पुढे सायकली धावू लागल्या. जर्मनीतल्या आखेनपासून बेल्जियममधून लक्झेंबर्गपर्यंत जाणारी ‘फेनबान’ ही जुनी रेल्वेलाइन आज सव्वाशे किलोमीटरची सायकलवाट आहे. या फेनबानकडे पुन्हा यायचं आहे, कारण तिच्यात एक सीमाप्रश्न दडलेला आहे, आणि सीमाप्रश्नाचा वास आला की आमच्या भागातला माणूस थांबतोच.

आता पहिला आक्षेप, आणि तो बिनतोड आहे: निपाणीत मेलेली रेल्वे आणायची कुठून? मरायला आधी जन्मावं लागतं. कोल्हापूरला गाडी आली 1891 साली आणि आजतागायत तिथेच संपते. बेळगावची गाडी मिरजेकडे निघते ती घटप्रभा, रायबाग, कुडची असा पूर्वेकडून वळसा घेत. दोघींच्या मधोमध, हमरस्त्यावर बसलेल्या निपाणीला आगगाडीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. मागणी जुनी आहे, सर्वेक्षणंही होतात. रूळ तेवढे राहून जातात. विदर्भातल्या लोकांकडे निदान बंद पडलेली ‘शकुंतला’ गाडी आहे, हळहळायला काही हाताशी आहे. आम्हाला न आलेल्या गाडीसाठी हळहळावं लागतं, आणि हे काम जास्त अवघड आहे.

इथे स्टेशनांच्या नावांतल्या ‘रोड’ या शब्दापाशी मी जरा रेंगाळणार आहे. घाई असलेल्यांनी पुढच्या परिच्छेदावर उतरावं. बेळगाव-मिरज मार्गावर गोकाक रोड नावाचं स्टेशन आहे, चिक्कोडी रोड नावाचंही आहे. स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ दिसला की अनुभवी उतारू समजतो की गाव इथे नाही. गाव आहे, पण ते या दिशेला, रस्त्याने, आणि तुमचं तुम्ही बघा. आबू रोडला उतरलेला माणूस माउंट आबूपासून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर लांब असतो; सावंतवाडी रोडला उतरलेल्याने सावंतवाडी गाठण्यासाठी रिक्षावाल्याशी सलोखा ठेवावा. एवढं प्रामाणिक खोटं दुसऱ्या कुठल्या सरकारी खात्याने लिहिलेलं नाही. ‘रोड’ म्हणजे रेल्वेने कबूल केलेला आळस: गाव टेकडीपलीकडे होतं, आम्हाला चढायचं नव्हतं, म्हणून जिथे सपाटी होती तिथे थांबलो आणि तुमचं नाव लावून मोकळे झालो. मला तर वाटतं, ही सोय माणसांनाही असावी. ज्याला विद्वत्तेपर्यंत पोचायचा कंटाळा आला त्याने पाटीवर ‘विद्वान रोड’ लिहावं. मी स्वतः ‘सायकलपटू रोड’ या स्टेशनावर बरीच वर्षं उभा आहे. गाव दिसतं, वाहन मिळत नाही.

तर रूळ नाहीत, हे मान्य. पण रुळांचं काम करणाऱ्या दोन गोष्टी इथे आहेत. पहिली कॅनॉल. धुपदाळच्या बंधाऱ्यापासून घटप्रभेचा डावा कालवा निघतो, आणि कालवा हा आळसात रेल्वेचाही बाप: पाणी वाहतं राहील एवढाच उतार, चढ तर कुठेच नाही. त्याच्या काठची वाट डोळ्यांना सपाटच दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवायचे, पाणी तुंबवायचं, आणि मृग यायच्या आत बरगे काढून नदीला वाट द्यायची. वरून बैलगाडीपुरता रस्ता, कठड्याची फारशी भानगड नाही. सकाळी अशा बंधाऱ्यावर एका अंगाला तुडुंब हिरवं पाणी असतं, दुसऱ्या अंगाला उघडे खडक आणि धुणं. दोन बरग्यांच्या फटीतून पाण्याची पातळ चादर सुटलेली असते आणि तिच्याखाली पोरं डोकं धरून उभी असतात. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या अंगाखांद्यावर असे बंधारे आणि बुटके पूल आहेत: जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, कुन्नूर-भोजवाडी. दर पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले की त्यांची नावं पेपरात येतात. उरलेले महिने ते निमूट सायकली पलीकडे पोचवतात.

दुसरा आक्षेप तवंदी घाटाचा. निपाणीहून संकेश्वरकडे निघालं की हा घाट आडवा येतो, आणि त्याला मृदू टेकडी म्हणायला वकील लागेल. उत्तर सोपं आहे: सायकल हे एकमेव वाहन आहे की जे हातात धरून चालता येतं आणि तरी मालकाची इज्जत जात नाही. मोटार ढकलणारा केविलवाणा दिसतो, घोडा ओढणारा हास्यास्पद. सायकल धरून चालणारा मात्र स्तवनिधीच्या दर्शनाला निघालेला भाविक वाटतो. शिवाय आगगाडीलाही ब्रागांझा घाटात मागून रेटावं लागतं, तिथे आपली काय कथा! तिसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: ज्या भागात दोन्हीकडे दुधाच्या किटल्या अडकवून माणूस पहाटे सायकल हाणत डेअरीला जातो, तिथे हेल्मेट घालून त्याच रस्त्याने हिंडण्याला सहल म्हणायची लाज वाटत नाही का? वाटते. वाटायलाच हवी. त्याचा चढ पोटासाठी, आपला फोटोसाठी. पण लाजेचा उपयोग असा की तिच्यामुळे माणूस बाजूला होतो, किटलीवाल्याला वाट देतो, आणि पुढे दोन ट्रॉल्या लावून डॉल्बी वाजवत येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरलाही देतो. दुसऱ्यासाठी रस्त्याखाली उतरायची सवय हमरस्त्यावर लागत नसते.

आता मुद्द्याचं. कोगनोळीच्या टोलनाक्यावर मोटारीला सीमा दिसते: पाटी बदलते, लिपी बदलते, माणूस काच वर घेतो. सायकलवाल्याला ती सापडत नाही. निपाणीच्या पोरांचं कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. वर्गात जाताना आपण राज्य ओलांडलं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. भाषेचंही तसंच. कागलचं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, निपाणीचंही तेच, बेळगावचंही तेच. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध केला. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं शेजारी राहून व्याकरणाने इतक्या जवळ आल्या आहेत की जवळजवळ शब्दाला शब्द ठेवत गेलं की भाषा पालटते, वाक्याचा सांगाडा तोच राहतो. ‘कुठनं आलासा?’ आणि ‘एल्लिंद बंद्री?’ शेजारी ठेवून पाहा: कुठनंच्या जागी एल्लिंद, आलासाच्या जागी बंद्री, आणि आदर दोन्हीकडे शेपटीला. मराठीतून कन्नडात जाणारा हा चढ शंभरात एक आहे. रेल्वेच्या इंजिनिअरनेही याहून हलका आखला नसता. फेनबानचा सीमाप्रश्नही असाच सपाट झाला: पहिल्या महायुद्धानंतर तिच्या रुळांचा पट्टा बेल्जियमला मिळाला आणि जर्मनीचे काही तुकडे त्याच्या पलीकडे अडकून पडले. आज त्या वाटेवरून सायकली जातात आणि देश केव्हा बदलला हे विचारावं लागतं.

यावर शेवटचा आक्षेप येतो आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. सीमा नाही असं म्हणायला सायकलवाल्याचं काय जातं? तो संध्याकाळी घरी जातो. ज्या मराठी आजीला स्वतःच्या शेताचा कन्नडातला उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तिच्यासाठी राज्यं नव्याने आखली गेली तो 1 नोव्हेंबर 1956 अजून संपलेला नाही. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004चा. ती तारखांवर तारखा ऐकत म्हातारी झाली. महाराष्ट्रातल्या जतकडच्या एखाद्या कन्नड आजीलाही तिच्या जागी उभं करून पाहावं, दुखणं तेच निघेल. सायकलने हा प्रश्न सुटत नाही. चढ रस्त्यावर नाही, तो कचेरीच्या पायऱ्यांवर आहे, आणि तिथे शंभरात एक हे प्रमाण कुणी पाळलेलं नाही. रस्त्यावर जे लोकांनी शेकडो वर्षं घासून घासून सपाट केलं, ते कागदावर इतकं खडं का, एवढा राग तरी सायकलवाल्याने घरी घेऊन जावा.

बाकी सगळी नावांची लढाई. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. निपाणीचं कन्नड रूप निप्पाणी, एका ‘प’चा काय तो फरक. तवंदी घाट सायकल धरून चढून आलेल्या पुरस्कर्त्याला वरच्या टपरीवर कुणी ‘कुठनं आलासा?’ विचारलं काय किंवा ‘एल्लिंद बंद्री?’ विचारलं काय, त्याला उत्तर एका शब्दात, धापा टाकत द्यावं लागतं. तेवढ्या धापेत तो जास्तीचा ‘प’ आहे की नाही, हे अजून कुणालाही ऐकू आलेलं नाही.